जहाज सुरतेला, हुकूम बुऱ्हाणपुरात

(डोईफोडिया, जि. बुऱ्हाणपूर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



३१ डिसेंबर १६०० या दिवशी लंडनमध्ये राणी एलिझाबेथने काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. पुढे ज्या कंपनीने हिंदुस्थानावर राज्य केले तिचा हा जन्म. त्याच सुमारास, जानेवारी १६०१ मध्ये, आपल्या जिल्ह्यातला असीरगड बहादूरखान फारुकीच्या हातून अकबराकडे गेला. लंडनच्या घटनेची जगाच्या इतिहासात मोठी नोंद आहे आणि असीरगडची फार तर मोगल इतिहासाच्या एखाद्या प्रकरणात. त्या क्षणी मात्र वजन नेमके उलटे होते. सनद मिळालेल्या व्यापाऱ्यांकडे थोडी गलबते होती आणि वर्गणीने जमवलेले भांडवल होते. असीर घेणाऱ्याच्या हाती उत्तरेकडून दक्खनेत उतरणारी वाट आली होती. वेढा चालू असताना अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर नावाचा जेसुइट पाद्री होता. चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवून दे, असे बादशहाने त्याला सांगितले आणि त्याने ते नाकारले, असे जेसुइट वृत्तांत सांगतात. गडाच्या आतही काही पोर्तुगीज गोलंदाज होते, असे त्याच वृत्तांतात येते. वास्को द गामा कालिकतला उतरून शंभर वर्षे होऊन गेली होती आणि युरोपीय माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी पोचला होता तो कोणाचा तरी चाकर म्हणून किंवा पाहुणा म्हणून.

मला आज मांडायचे आहे ते एवढेच, की युरोपीयांच्या सागरी सफरींचे परिणाम समुद्रावर ठरले नाहीत, किनाऱ्यावरही पुरते ठरले नाहीत. ते आतल्या मुलुखात ठरले, आणि वाट, वजन व भाव ज्याच्या हाती त्याने ते ठरवले. जवळजवळ अडीचशे वर्षे या गोष्टी गोऱ्यांच्या हाती नव्हत्या. त्या जेव्हा गेल्या तेव्हा राज्यही गेले. शाळेच्या पुस्तकात १४९८ नंतर थेट प्लासी येते आणि मधली अडीच शतके गाळल्यासारखी होतात. त्यामुळे जहाज आले आणि गुलामी आली असा एक सरळ रस्ता आपल्या मनात तयार होतो. बुऱ्हाणपूरचा पुरावा हा रस्ता इतका सरळ नव्हता असे सांगतो.

पहिला साक्षीदार राल्फ फिच. हा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये सोबत्यांसह निघाला. होर्मुझला पोर्तुगीजांनी सगळ्यांना पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात टाकले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत फादर थॉमस स्टीफन्स होते, तेच आपले ‘ख्रिस्तपुराण’कार. जामिनावर सुटलेली ही मंडळी १५८४ मध्ये गोव्यातून पळाली आणि बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असे करत बुऱ्हाणपूरला आली. घरे मातीची व गवताने शाकारलेली, पण सुती कापड आणि रंगवलेली वस्त्रे अमाप, अशी फिचची नोंद आहे. त्यांच्यापैकी जॉन न्यूबेरीकडे एलिझाबेथचे अकबराच्या नावचे पत्र होते. इकडे त्याला विचारणारे कोणी नव्हते. पोर्तुगीजांचा धाक समुद्रावर खराच होता, म्हणून तर हे लोक कैदी झाले. पण घाट चढून देशावर येताच तो धाक संपला. पळून आलेले इंग्रज दक्खनच्या वाटांवरून कोणाच्या अध्यात-मध्यात न पडता चालत राहिले.

दुसरा साक्षीदार जास्त वजनदार. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला आणि पंधरवड्यात, १४ नोव्हेंबरला, बुऱ्हाणपुरात पोचला. जहांगीरचा मुलगा शहजादा परवेझ इथे दक्खनचा सुभा सांभाळत होता. १८ तारखेला दरबारात भेट झाली. परवेझ वर सज्जात बसलेला, खाली कठड्याच्या आत सरदार हात जोडून उभे. रोने जमिनीला डोके टेकवायला नकार दिला, आपल्या पद्धतीने झुकला आणि मग वर पायरीपर्यंत येऊ द्या म्हणाला. तिथे इराणच्या शहालाही जागा नाही, असे उत्तर मिळाले. मग खुर्ची मागितली. इथे कोणी बसत नसते, पण हवे तर त्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहा, अशी मेहेरबानी झाली. त्यानंतर वकिलाने विनंती केली, की बुऱ्हाणपुरात आमच्या लोकांना राहायला आणि वखार घालायला परवानगी द्यावी. ती मिळाली. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. नंतर खासगी भेट व्हायची होती, पण शहजाद्याने त्या बाटल्यांवर इतका हात मारला की भेट राहूनच गेली. परवेझच्या या व्यसनावर आपले इतिहासकार हसतात. मला या प्रसंगात दुसरेच दिसते. जगातल्या दोन कोपऱ्यांतली माणसे समोरासमोर आली आहेत, त्यांतला एक मागणारा आहे आणि दुसरा देणारा, आणि मागणारा कोण याबद्दल दोघांनाही शंका नाही.

पुढे याच रोने कंपनीला सल्ला दिला, की लढाई आणि व्यापार एकत्र नांदत नाहीत. पोर्तुगीज आणि डच यांचा नफा गढ्या आणि शिबंदी सांभाळण्यात वाहून जातो. तुम्ही समुद्रावर आणि शांत व्यापारात कमवा. हा सल्ला भलेपणाचा नव्हता. जमिनीवर आपले काही चालत नाही हे ज्याने बुऱ्हाणपूर ते अजमेर डोळ्यांनी पाहिले, त्याचा तो हिशोब होता.

आता पहिला आक्षेप. समुद्रावर तर पोर्तुगीजांनी जबरदस्ती केलीच ना? त्यांचा परवाना घेतल्याशिवाय हजचे जहाजसुद्धा सुटत नसे. हे खरे आहे आणि गंभीर आहे. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज पोर्तुगीजांचा परवाना असूनही त्यांनी धरले. पण पुढे काय झाले तेही पाहू. बादशहाने दमणला वेढा घातला, जेसुइटांची प्रार्थनागृहे बंद केली, पोर्तुगीजांचा व्यापार अडवला आणि १६१५ मध्ये त्यांना तहाला यावे लागले. त्याच फटीतून इंग्रज आत शिरले. समुद्रावरची दांडगाई जमिनीवर खपत नव्हती, फार तर एका फिरंग्याची जागा दुसऱ्याला मिळत होती. आरमाराकडे दुर्लक्ष ही मोगलांची घोडचूक होती, असे म्हणणारे चूक नाहीत. पण त्या चुकीची किंमत लगेच चुकवावी लागली नाही, म्हणूनच ती चूक इतकी वर्षे कोणाला कळली नाही.

या लोकांना इथे हवे तरी काय होते? कापड. आणि त्याच्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडे काय होते? जवळजवळ काहीच नाही. गामाने कालिकतच्या राजाला, सामोरीला, टोप्या, पोवळी, साखर, मध असल्या भेटी नेल्या आणि दरबारी हसले. इंग्रजांचे लोकरी कापड इथल्या उन्हात कोण अंगावर घेणार? ते हत्तींच्या झुलींना आणि खोगिरांना लागले. उरली चांदी. आजच्या बोलिव्हियात पोतोसी नावाचा डोंगर आहे. तिथे १५४५ मध्ये स्पॅनिशांना चांदी सापडली. ती स्पेनला गेली, तिथून युरोपभर, आणि व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून सुरतेला. मोगल मुलुखात परकी नाणी चालत नसत. ती टांकसाळीत वितळवून रुपया पाडून घ्यावा लागे. बुऱ्हाणपुरातही टांकसाळ होती. म्हणजे सतराव्या शतकात या मुलुखातल्या विणकराच्या, रंगाऱ्याच्या, गाडीवानाच्या कनवटीला जो रुपया होता, त्यात अँडीज पर्वतातली चांदी मिसळलेली असण्याची शक्यता चांगलीच होती. ज्याँ-बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून अनेकदा गेला. बुऱ्हाणपूरची पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. काही पांढरी, काठाला सोन्याचांदीची पट्टी असलेली, काही रंगीत फुलांची, बुरखे आणि ओढण्या करण्याजोगी. ही यादी नीट वाचली तर लक्षात येते, की त्यातले बहुतेक देश गोऱ्यांची जहाजे येण्यापूर्वीपासूनचे गिऱ्हाईक होते. युरोपीयांनी ही पेठ उभी केली नाही. चालत्या पेठेत ते नवे गिऱ्हाईक म्हणून आले, फक्त त्यांच्याकडे रोकड जास्त होती.

इथे थांबून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर आपण उगीच फुशारू. ती चांदी फुकट नव्हती. पोतोसीच्या खाणीत १५७० च्या दशकापासून गावोगावची माणसे पाळीपाळीने सक्तीने राबवली गेली. अटलांटिकवरून सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांच्या बदल्यात जो माल दिला जाई त्यात गुजरात आणि कोरोमंडलचे सुती कापड होते. म्हणजे ज्या व्यवहारात आपण ताठ मानेने विक्रेते होतो, त्याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला माणसे विकली जात होती. आपल्या विणकराला हे माहीत नव्हते आणि त्याचा दोषही नाही. पण ‘आम्ही फक्त बळी होतो’ हे वाक्य त्या दोन-अडीचशे वर्षांपुरते तरी आपल्याला म्हणता येत नाही. आणि गुलामीचा व्यापार फक्त फिरंग्यांनी आणला असेही नाही. बुऱ्हाणपूरच्या मोगलांना ज्याने जेरीस आणले तो मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणूनच विकला गेला होता, आणि तो अरब व्यापाऱ्यांच्या वाटेने आला होता.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. एवढी चांदी आली, एवढे कापड गेले, मग सामान्य माणसाचे काय भले झाले? १६३० ते १६३२ या वर्षांकडे पाहिले की या प्रश्नाला बगल देता येत नाही. त्या काळात खुद्द शाहजहान बुऱ्हाणपुरात तळ ठोकून होता. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज इथेच वारली, आणि आपल्याकडे येणारा प्रवासी त्याच एका गोष्टीची चौकशी करतो. त्याच वर्षी गुजरात, खानदेश आणि दक्खन दुष्काळाने होरपळत होते. कंपनीचा माणूस पीटर मंडी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून बुऱ्हाणपूरला येताना वाटेवर पडलेली प्रेते पाहत आला. माळव्यात धान्य होते, पण ते छावणीकडे ओढले जात होते. बादशहाने लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम केला, खालसा मुलुखाच्या महसुलात सत्तर लाखांची सूट दिली. दरबारी इतिहासकाराने हे सगळे अभिमानाने नोंदवले आहे. मेलेल्यांपुढे हा आकडा किती तोकडा होता ते त्याने लिहिले नाही. म्हणून मी आतल्या मुलुखाच्या ‘सत्ते’बद्दल बोलतो तेव्हा ती सत्ता रयतेची होती असा अर्थ कोणी काढू नये. चांदी रयतेच्या हातातून जाई, राही ती मनसबदाराच्या आणि सावकाराच्या पेटीत. पण याच दुष्काळाने माझा मुद्दा दुसऱ्या बाजूने पक्का होतो. गुजरातचे विणकर मेले, पांगले, कापड महागले, आणि इंग्रज व डच कंपन्या हतबल होऊन कोरोमंडलकडे आणि पुढे बंगालकडे वळल्या. त्यांच्या जहाजांचे वेळापत्रक आपल्या पावसावर चालत होते.

एवढा वेळ फर्मानांबद्दल बोललो. पण जहाजांतून काही गोष्टी अशाही आल्या ज्यांना परवानगी लागली नाही. मिरची, मका, तंबाखू, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, पपई, पेरू ही सगळी अमेरिकेतली. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’तल्या मुदपाकखान्याच्या याद्यांत मिरी आहे, मिरची नाही. आज सातपुड्यातल्या कोरकू घरात मका आणि खालच्या गावात भाकरीवर ठेचा नसेल तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही. एवढा मोठा बदल कोणत्याही बादशहाच्या हुकमाने झाला नाही. तंबाखूची गोष्ट तर नोंदलेली आहे. असदबेग हा अकबराचा माणूस विजापूरला वकील म्हणून गेला होता. त्याने तिथून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम आणून बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन झुरके घेतले. हकीम म्हणाला, आपल्या ग्रंथांत हे औषध नाही, फिरंग्यांचे पाहून आपण का घ्यावे? असदबेगाने उत्तर दिले, की जगातला प्रत्येक रिवाज कधीतरी नवाच होता. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले ते आपल्या पानटपऱ्या सांगतातच. विजापूर-आग्र्यापर्यंत तंबाखू पोचली ती देशी व्यापाऱ्यांच्या, शिपायांच्या, शेतकऱ्यांच्या हातांनी. फिरंग्यांनी बी किनाऱ्यावर आणले, हे श्रेय त्यांना द्यायला माझी हरकत नाही. कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे ते इथल्या मातीने आणि जिभेने ठरवले.

याचा उलटा पुरावा कपाशी देते. १८४० मध्ये कंपनीने अमेरिकेतून कापसाचे जाणकार बागायतदार आणले. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि आपली गावरान पऱ्हाटी आखूड धाग्याची. सरकारी बळ, पैसा, बियाणे सगळे होते. तरी अमेरिकी वाणाने खरा जम बसवला तो धारवाडकडे, आणि खानदेश-वऱ्हाडचा शेतकरी आपल्या पऱ्हाटीला धरून राहिला. तिचे मूळ खोल जाते, पावसाने ताण दिला तरी ती तग धरते, रसशोषक किडींना सहज दाद देत नाही. साहेबाला हा अडाणी हट्ट वाटला. कोरडवाहू शेत ज्याने केले आहे त्याला तो हिशोब वाटेल.

मग सत्ता गेली कधी? माझे उत्तर आहे: वाट गेली तेव्हा. बुऱ्हाणपूर १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून पेशव्यांकडे आणि पुढे शिंद्यांकडे आले. असीरगड १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला. १८६० च्या सुमारास शिंद्यांकडून अदलाबदलीत बुऱ्हाणपूर शहर ब्रिटिशांकडे गेले. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाचा भाव आकाशाला भिडला. त्याच दशकात भुसावळ-खंडवा मार्गे लोहमार्ग या मुलुखातून गेला. ज्या वाटेवर बैलांचे तांडे चालत आणि ठिकठिकाणी जकात भरत, ती वाट एका रेल्वे कंपनीच्या मालकीची झाली. तिचे भाडे, तिचे वेळापत्रक, तिचे काटे, सगळे तिचे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि इकडे कर्ज काढून कपाशी पेरलेला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. माल विकत घेणारा इंग्रज, भाव ठरवणारा तोच, सारा वसूल करणाराही तोच. इंग्लंडच्या राजाचा वकील खांबाला टेकून उभा राहिला त्याला अडीचशे वर्षे झाली होती. आता कापड जाण्याऐवजी कापूस जाऊ लागला आणि कापड उलट्या दिशेने येऊ लागले. जहाजे १४९८ पासून येतच होती. बदलले होते ते आतले हात.

यावर कोणी म्हणेल, की हे तर शब्दांचे खेळ झाले. गामा आला नसता तर रेल्वेही आली नसती. साखळीची पहिली कडी नसती तर शेवटची नसती, हे कोणत्याही इतिहासाबद्दल म्हणता येते. पण मधल्या प्रत्येक कडीवर दुसरे काही होण्याची शक्यता होती, आणि ती नाकारली की आपल्या पूर्वजांच्या चुका आणि निवडी दोन्ही पुसल्या जातात. आरमार न बांधणे ही निवड होती. १७६१ नंतर मराठा सरदारांनी आपसात लढणे ही निवड होती. त्या निवडींचे खापर लिस्बनच्या बंदरावर फोडणे सोपे आहे.

राहिला आजचा प्रश्न. रस्ते आपले, रेल्वे आपली, सरकार आपले, मग वाटेचा मुद्दा संपला का? कापसापुरते पाहू. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस तयार केला. दोन्ही पालक अमेरिकी जातीचे. जे काम कंपनी सरकारला जमले नाही ते स्वतंत्र भारताच्या संशोधकाने केले, आणि शेतकऱ्याने ते आनंदाने घेतले, कारण या वेळी उत्पन्न खरेच वाढले. २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातली बहुतेक कपाशी त्याच वाणांची झाली. गावरान पऱ्हाटी हुडकावी लागते. हे बीटी वाणही बहुतेक संकरितच, आणि संकरित बियाणे घरी राखून पेरता येत नाही, पुढच्या पिढीत पीक एकसारखे येत नाही. म्हणून मृग लागायच्या आधी दरवर्षी दुकानातून पाकीट आणावे लागते. ज्या शेतकऱ्याने १८४० नंतर अमेरिकी बियाला ‘नको’ म्हटले, त्याच्याकडे घरचे बी होते म्हणून तो तसे म्हणू शकला. आज ते बी नाही, आणि ‘नको’ म्हणण्याची जागा शेतातून उचलून दिल्लीला गेली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून बीटी बियाण्याची कमाल किंमत आणि त्यातला तंत्रज्ञानाचा वाटा आपल्या हाती घेतला. तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपन्यांनी विरोध केला आणि त्या न्यायालयात गेल्या. मला हा आदेश अपुरा वाटतो, कारण भाव ठरवला तरी पर्याय त्यातून उभा राहत नाही. सरळ वाणांचे, घरी राखता येईल असे चांगले बी सरकारी संशोधन केंद्रांतून पुरेशा प्रमाणात मिळेपर्यंत किंमत उतरवणे ही फक्त घासाघीस आहे, आणि घासाघीस करणाऱ्याला समोरच्याच्या दुकानात उभे राहावेच लागते.